फेरीवरचं गाऱ्हाणं

बाबा, तुझी नात वेटिंगला आहे. नंबर नववा. तू तिला दीड वर्षाची पाहिलीस, तेव्हा ती तुझ्या खिशातली फेरीबोटीची शिट्टी काढून चोखत बसायची. आता ती मुंबईच्या एका कॉलेजात घरं बांधायचं शास्त्र शिकायला निघाली आहे, म्हणजे निघायची आहे, म्हणजे नऊजणांनी जागा सोडली तर. सकाळी उठल्याबरोबर तोंड न धुता फोन उघडते, नंबर बघते आणि फोन पालथा ठेवते. दुपारी जेवताना परत तेच. काल भाताच्या ताटावरून मान वर न करता म्हणाली, "आई, कोणीतरी सोडेल ना?" मी म्हटलं, "सोडेल गं." म्हटलं आणि घास तोंडातच फिरायला लागला. कारण हाच प्रश्न मी तुला विचारला होता, आणि तू मला असं चटकन उत्तर दिलं नव्हतंस. सासूबाई पलीकडे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या पेडण्याकडे गाऱ्हाणं घालतात ना? मग घालून घे की. तुझ्या बापाच्या गाऱ्हाण्याचं नाव तर आम्ही इथे मयेत बसून ऐकलंय." त्यांना काय माहीत. मी ताट उचललं आणि मोरीपाशी नळ सोडून उगाच उभी राहिले. तेव्हापासून तुला लिहायचं मनात घोळतंय.

तुला आठवतं ना, मी बारावी झाले ते वर्ष? केरीत तोवर कोणाची मुलगी डॉक्टरकीला गेली नव्हती आणि मी जाणार असं गावानं निकालाच्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. सकाळी पोदेर पाव घेऊन आला तर तोसुद्धा आईला म्हणाला, "डॉक्टरीण जातली मगो तुमची." मग यादी लागली आणि मी यादीत नव्हते. यादीच्या खाली आणखी एक छोटी यादी होती, तिच्यात चौथी. तेव्हा फोनबिन काही नव्हतं. नंबर सरकला की नाही हे पाहायला कॉलेजच्या फळ्यापर्यंत जावं लागे. तुझी सुट्टी असेल त्या दिवशी तू पहाटेच्या बसने निघायचास, चोपड्याला दुसऱ्यांच्या फेरीत परक्यासारखा उभा राहून शिवोलीला उतरायचास, मग म्हापसा, मग पणजी. एवढा सगळा प्रवास एक आकडा बघण्यासाठी. परत आलास की छत्री दारात उभी करायचास आणि आधी मला शोधायचास. मी जनेलाच्या गजांकडे पाठ करून पुस्तक घेऊन बसलेली असायचे, जणू मला काही पडलेलंच नाही. "तीन जालो," तू म्हणालास पहिल्यांदा. एक मुलगा इंजिनियरिंगला गेला होता. आईने त्या संध्याकाळी खोबऱ्याच्या पोळ्या केल्या आणि तू चार खाल्ल्यास.

तुझं काम कसलं होतं हे मी शाळेत कधी धड सांगत नसे, आज सांगायला बरं वाटतं. केरीहून तेरेखोलला जाणाऱ्या फेरीवर तू खलाशी होतास. रॅम्प खाली सोडायचा, गाड्या आत घ्यायच्या, कुठली कुठे बसेल ते नजरेने मापायचं, शिट्टी मारायची, साखळी ओढायची. फेरी भरली की उरलेल्या गाड्यांना तू हात आडवा करून थांबवायचास, आणि पहिल्या नंबरावर राहिलेला स्कूटरवाला चिडला की त्याच्याशी हसायचास. "फुडच्या फेरीक तूच पयलो," म्हणायचास. आणि ते खरं असायचं. तुझ्या फेरीत कोणी मागून पुढे घुसलं नाही. मामलेदाराची जीप असो की काजूच्या गोणी लादलेला टेम्पो, ज्याचा नंबर त्याचा. मला वाटतं, त्यामुळेच तुला वेटिंग लिस्टची सुरुवातीला भीती वाटली नाही. रांग म्हणजे तुझ्या ओळखीची गोष्ट. फेरी परत येतेच, हे तू तीस वर्षं रोज बघत होतास.

आणि दुसरी तुझी ओळख देवळातली. गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराकडे होता, आणि आजोबांच्या मागे तो तुझ्याकडे आला. इकडे डिचोलीला मी शिकवते त्या शाळेत घाटावरून आलेल्या बाईंना मी एकदा समजावून सांगत होते, की गाऱ्हाणं म्हणजे नुसती प्रार्थना नव्हे, नुसती तक्रार नव्हे, दोन्हीही. माणूस देवापुढे नारळ घेऊन उभा राहतो, गाऱ्हाणं घालणारा त्याची अडचण देवाला मोठ्याने सांगतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. त्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, एकट्याचा शब्द देवापर्यंत पोचत नाही असं तू सांगायचास. तुझा आवाज फेरीच्या इंजिनावर चढवून तयार झालेला, पण देवळात तू तो खाली घ्यायचास. कोणाची गाय हरवलेली, कोणाची बदली काणकोणला झालेली, कोणाचा दारू पिणारा नवरा. तू त्यांच्या बाजूने असा बोलायचास की देवाला नाही म्हणायची सोय राहू नये. लहानपणी मी तुझ्या धोतराला धरून उभी असायचे आणि सगळ्यांच्या आधी माझं "व्हय म्हाराजा" निघायचं. लोक हसायचे. तू हसायचा नाहीस, माझ्या डोक्यावर हात ठेवून पुढचं वाक्य घ्यायचास.

तर नंबर तीन झाला, आणि दहा-बारा दिवसांनी तू परत गेलास. त्या दिवशी येताना तू मला शोधलं नाहीस. पडवीत बाकावर बसलास, पायातल्या वहाणासुद्धा काढल्या नाहीस. आईने विचारलं तेव्हा म्हणालास, "दोन जालो." आई खूष. तू पुढे म्हणालास, "सांग्याकडच्या एका चेडवान सोडली जागा. बापूस गेलो तेचो. घराकडे धाकटी भावंडां आसत, आवय आजारी. शिपाई सांगत होतो." पेज वाढली ती तू तशीच ठेवलीस. कैरीच्या लोणच्याची फोड नुसती वाटीच्या कडेला लावून बसलास. मी काय केलं सांगू? मी आत गेले आणि कॅलेंडरवर तीनच्या आकड्यावर काट मारून दोन लिहिलं. त्या मुलीचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला नाही. माझं वय होतं सतरा, आणि वाट बघणारं माणूस फार आपमतलबी होतं. आज आरशात बघितल्यासारखं ते मला माझ्या लेकीत दिसतं, आणि मी तिला रागावू शकत नाही.

मग आईनेच विषय काढला. म्हणाली, साऱ्या गावाची गाऱ्हाणी घालतोस, चेडवाचं कधी घालणार? स्वयंपाकघरात आपण तिघंच. मी चुलीपाशी ओल्या लाकडाला फुंकर घालत होते. तू हातातला पेला खाली ठेवलास. मग म्हणालास, "काय म्हणान घालू? देवा, दोनांतलो एकटो कमी कर म्हणू?" आई म्हणाली, तसं कशाला, नुसतं माझ्या मुलीला जागा दे म्हणावं. "जागो नवो येणा नाय गो. आसा तितकोच आसा. आमका व्हयो तर कोणाचो तरी जावक व्हयो. त्या सांग्याच्या चेडवाचो बापूस कोणाच्या गाऱ्हाण्यान गेलो, कोणाक खबर? माका तां मागूक जमाचा नाय." माझ्या डोक्यात काय शिरलं देव जाणे. फुंकणी खाली टाकून मी उभी राहिले. म्हणाले, "लोकांच्या गायींसाठी तुझो शबूद आसा, माझ्यासाठी नाय. फेरीवर रांग लावतस तशी माकाय रांगेत उबी केलंस तू. तू बापूस न्हय, खलाशी." आईने माझ्या पाठीत धपाटा घातला. तू नाही. तू फक्त म्हणालास, "बोलान मोकळी जा. पण असा बोलूचा नाय." तुझ्या आयुष्यातली मला मिळालेली तेवढीच एक दटावणी, आणि तीही अर्धी मायेची. मी चार दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू सकाळी निघताना दारातून "येतंय गो" म्हणायचास, आणि मी ऐकूनही पान उलटायचे.

नंबर एक झाला तो कसा झाला हे तू सांगितलं नाहीस. मी विचारलंही नाही. आणखी एकच दिवस उरला होता, दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत कोणी सोडलं तर मी आत, नाहीतर यादी बंद. तुला त्या दिवशी सकाळची पाळी होती. तू मला म्हणालास, "चल गो फेरीवर." इतक्या दिवसांनी तुझ्याशी बोलायला नको म्हणून मी नुसती मागून चालत आले. पाऊस उघडला होता, नदी गढूळ आणि फुगलेली होती. फेरीत एक भाजीचा टेम्पो होता, त्याचा ड्रायव्हर काचा लावून झोपलेला. बाकी कोणी नाही. मधोमध आलो तेव्हा तू साखळीपासून उठून रॅम्पच्या कडेला गेलास, मला समोर उभं केलंस आणि समुद्राच्या बाजूला तोंड करून हात जोडलेस. देऊळ नाही, नारळ नाही. मला नंतर कळलं की देवळात चारचौघांपुढे तुला ते शब्द काढायचे नव्हते. इंजिनाचा एवढा धडधडाट, तरी तुझं वाक्यन् वाक्य मला ऐकू येत होतं. कारण तू आवाज चढवला होतास, फेरीवरचा.

"बा देवा म्हाराजा, जां लेकरू माझ्या चेडवाच्या फुडे आसा, तेका ह्याच्यापरास बरी वाट दी म्हाराजा." तू माझ्याकडे बघितलंस. माझे ओठ हललेले तुला दिसले. "तेच्या घरात कोण आजारी पडाक नको, कोणाची चूल इजाक नको, तेच्या आवयच्या डोळ्यांत पाणी नको म्हाराजा." परत बघितलंस. परत माझे ओठ हलले. "तां हासत हासत गेला तर तेच्या फाटोफाट माझ्या चेडवाक आत घे. गेला नाय तर तेका थंय सुखी ठेव, आणि माझ्या चेडवाक ह्यां सोसूक बळ दी म्हाराजा." तिसऱ्यांदा ओठ हलले तेव्हा तू हात खाली घेतलेस, डोळ्यांवरून बाही फिरवलीस, आणि तेरेखोलचा धक्का जवळ आला म्हणून रॅम्पकडे धावलास. मला तेव्हा कळलं होतं, बाबा, की तू किती दिवस ते शब्द जुळवत असशील. कोणाचंही वाईट न मागता मागायचं म्हणजे काय, ते तू त्या चार दिवसांत शोधून काढलं होतंस. मी रुसून बसले होते तेव्हा.

दुसऱ्या दिवशी बारा वाजले आणि कोणीच सोडलं नाही. तू फळ्यापाशी पाच वाजेपर्यंत उभा होतास, असं मला पुष्कळ वर्षांनी आईने सांगितलं. घरी आलास आणि म्हणालास, "ऱ्हवलो एकार." नंबर एकावरच राहिला, एवढंच. मी रडले नाही, आश्चर्य म्हणजे तूही नाहीस. म्हापशाच्या कॉलेजात सायन्सला नाव घातलं. त्या आठवड्यात फेरीवरच्या जुन्या ताडपत्रीचा एक तुकडा तू घरी आणलास, सुतळीच्या सुईने टाके घालत चार संध्याकाळी बसलास, आणि माझ्या वह्यांना पिशवी शिवलीस. पावसात एकही पान भिजू नये म्हणून झाकणाला दोन बटणं. कॉलेजातल्या मुली हसल्या, मी ती उलटी करून छातीशी धरून न्यायचे. पण तीन वर्षांत एक वही भिजली नाही. मी शिक्षिका झाले ती त्याच पिशवीतून सर्टिफिकेटं नेऊन.

आणि मग जत्रा आली. देवळात लोक उभे, नारळ घेऊन एक बाई पुढे आली, आणि तू मागे सरलास. चुलतकाकांना म्हणालास, "तू घाल." त्यांना वाटलं तुझा घसा बसलाय. पुढच्या वेळी परत तेच. शिगम्याला परत. लोक घरी येऊन विचारू लागले तेव्हा तू काहीतरी सांगायचास, घसा, दमा, उभं राहवत नाही. आईला एकदाच खरं सांगितलंस आणि मी दाराआड उभी होते. "माझो शबूद उणो पडलो गो. पोटच्या पोराक पावलो नाय तो दुसऱ्याक काय पावतलो? लोकांक फसवल्यासारख्या दिसता." आपल्या घराचा मान असा काकांकडे गेला. त्यांनी चांगला सांभाळला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते गाऱ्हाणं म्हणताना तू गर्दीत मागे उभा राहून इतरांसारखा "व्हय म्हाराजा" म्हणायचास, आणि ते ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी लग्न होऊन मयेला आले त्यात मला थोडी सुटकाही वाटली, हे लिहायला लाज वाटते.

तुझ्या शेवटच्या दुखण्यात मी आठवडाभर तुझ्यापाशी होते. लेक माझ्या कडेवर. तिला शिट्टी दिलीस ती तेव्हाच. एके दुपारी तू डोळे मिटून पडला होतास, मला वाटलं झोपलास. तू म्हणालास, "तुझ्या येळार माझो शबूद पावलो नाय गो. तां मात्र मनात रवला." मी तुझे पाय चेपत होते. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, बाबा. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, इंजिन नव्हतं, एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "सोड मगो तां. माझा बरा चल्ला आसा." तू मान हलवलीस. लेक रडायला लागली म्हणून मी तिला घेऊन बाहेर गेले. तुला समजूत घातल्यासारखं वाटावं अशा सुरात मी ते बोलले होते, आणि ती समजूत माझी मलाच घातलेली होती.

मी विज्ञान शिकवते. गाऱ्हाण्याने वेटिंग लिस्ट सरकत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. पहिल्या नंबरावर राहिलेल्या माणसाला पुढची फेरी मिळते, हा तुझ्या धक्क्यावरचा नियम कॉलेजला लागू नाही, एवढंच त्या वर्षी झालं. पण हे झालं माझ्यापुरतं. तुझ्यापाशी तुझा शब्द होता, आणि तो खोटा ठरला असं मानून तू पंधरा-सोळा वर्षं जगलास.

आज सकाळी लेकीने फोन पालथा ठेवला आणि पोहे पुढे ओढून म्हणाली, "नववाच." मग म्हणाली, "आजी म्हणत होत्या ते घाल ना गं एकदा. गंमत म्हणून." मी हात पुसले. देव्हाऱ्यासमोर उभी राहिले आणि तुझेच शब्द काढले, जसेच्या तसे, तुझ्या बोलीत. ते इतकी वर्षं माझ्यात अख्खे राहिले आहेत हे मलाही माहीत नव्हतं. जां लेकरू फुडे आसा, तेका बरी वाट दी म्हाराजा. आणि माझ्या मागून, चमचा हातात धरून, ती म्हणाली, "व्हय म्हाराजा." चूल इजाक नको म्हाराजा. "व्हय म्हाराजा." दुसऱ्यांदा तिचा आवाज मोठा होता, आणि गंमत गेली होती त्यातली. तिसरं वाक्य मला पुरं म्हणता आलं नाही. ती उठून आली, म्हणाली, "आई, अगं नाही मिळाली तर नाही मिळाली, तू कशाला रडतेस?"

तिला मी सांगितलं नाही. तिची जागा मिळेल की नाही मला माहीत नाही, पण तिने जे केलं ते करायला मला काय झालं होतं, हे विचारत मी दुपारपासून हे लिहीत बसले आहे. हे कागद घडी करून त्या ताडपत्रीच्या पिशवीत ठेवीन, तिची बटणं अजून शाबूत आहेत. फेरीवर माझे ओठ हलले ते तू पाहिलंस, बाबा. आवाज नव्हता त्यांत. तिन्ही वेळा नव्हता. स्वयंपाकघरात तू मला नाही म्हणाला होतास, त्याचा सूड म्हणून मी नुसते ओठ हलवले, आणि इंजिनामुळे तुला कळणार नाही हे मला माहीत होतं. तुझा शब्द उणा पडला नव्हता. त्याला व्हय म्हणणारं तिथे कोणी नव्हतं.